प्रक्षेप की भाष्य? : कॉफमन डेझर्ट हाउस आणि आधुनिकतावादी वास्तूतील वाढीव बांधकामाचा प्रश्न

प्रस्तावना

घर राहण्यासाठी बांधले जाते आणि राहणाऱ्यांच्या गरजा बदलल्या की त्यात भर पडते. मराठी मुलखातील जुन्या वाड्यांत एका पिढीने बांधलेल्या चौकाला पुढच्या पिढीने दुसरा चौक, पडवी किंवा माडी जोडली आणि त्यात कोणाला वावगे वाटले नाही. पारंपरिक वास्तुरचनेत अशा वाढीला मुळातच जागा होती. विसाव्या शतकातील आधुनिकतावादी घरांच्या बाबतीत मात्र हाच साधा व्यवहार अवघड प्रश्न बनतो. ही घरे एका वास्तुकाराच्या एकसंध कल्पनेतून निर्माण झाली, छायाचित्रांच्या द्वारा जगभर पोहोचली आणि निर्मात्याच्या हयातीतच त्यांना कलाकृतीचा दर्जा मिळाला. कलाकृतीत भर घालता येत नाही आणि राहते घर भर घातल्यावाचून टिकत नाही, असा हा पेच आहे.

प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पाम स्प्रिंग्ज येथील कॉफमन डेझर्ट हाउस या घराच्या इतिहासाच्या आधारे या पेचाचा विचार केला आहे. या घराच्या इतिहासात मूळ निर्मिती, पुढील काळात पडत गेलेली भर आणि १९९०च्या दशकात ती काढून केलेले पुनर्स्थापन असे तीन टप्पे दिसतात. तिसऱ्या टप्प्यात जुनी भर काढणाऱ्यांनी स्वतः एक नवी भर घातली, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. जुनी भर अयोग्य व नवी योग्य ठरविण्याचा निकष कोणता, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

मूळ वास्तू व तिची रचना

या घराचे मालक एडगर जे. कॉफमन हे पिट्सबर्ग येथील मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे मालक होते. फ्रँक लॉइड राइट या वास्तुकाराकडून पेनसिल्व्हेनियातील धबधब्यावर ‘फॉलिंगवॉटर’ हे जगप्रसिद्ध घर बांधून घेणारे तेच. हिवाळ्यातील वास्तव्यासाठी वाळवंटातील घर बांधताना मात्र त्यांनी राइट यांच्याऐवजी रिचर्ड नॉयट्रा यांची निवड केली. नॉयट्रा यांचा जन्म १८९२ साली व्हिएन्ना येथे झाला. १९२३ मध्ये ते अमेरिकेत आले आणि लॉस एंजेलिस येथील लव्हेल हेल्थ हाउस या १९२९ साली पूर्ण झालेल्या पोलादी सांगाड्याच्या घरामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. कॉफमन यांचे घर १९४६-४७ मध्ये उभे राहिले.

घराचा आराखडा भिरभिऱ्यासारखा आहे. मध्यभागी दिवाणखाना व भोजनकक्ष असून तेथून चार दिशांना चार बाहू निघतात. पूर्वेस मालकांचे शयनगृह, पश्चिमेस स्वयंपाकघर व सेवकांची व्यवस्था, उत्तरेस पाहुण्यांच्या खोल्या आणि दक्षिणेस मोटारी उभ्या करण्याची जागा व आच्छादित वाट. नगर नियमांनुसार दुसरा मजला बांधण्यास मनाई होती. नॉयट्रा यांनी छपरावर भिंती नसलेले, उभ्या फिरत्या पट्ट्यांनी वारा अडविणारे उघडे दालन रचून हा प्रश्न सोडविला. त्यास ‘ग्लोरिएट’ असे म्हणतात. यूटा राज्यातून आणलेल्या वालुकाश्माच्या भिंती, सरकत्या काचा आणि पातळ, आडवी, दूरवर झेपावणारी छपरे ही घराची इतर ठळक अंगे होत.

बाहेरचे वातावरण मनुष्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि म्हणून वास्तुरचना ही आरोग्याचीही बाब आहे, हा विचार नॉयट्रा यांनी ‘सर्व्हायव्हल थ्रू डिझाइन’ या १९५४ सालच्या ग्रंथात विस्ताराने मांडला. कॉफमन यांच्या घरात तो आधीच मूर्त झाला होता. चार बाहूंच्या मधल्या मोकळ्या जागा या उरलेल्या जागा नव्हेत. प्रत्येक खोलीला उजेड, वारा आणि सॅन हासिंटो पर्वताचे दर्शन त्या मोकळ्या जागांमधूनच मिळते. त्यामुळे या घरात भिंती जितक्या महत्त्वाच्या, तितकीच भिंतींमधील पोकळीही महत्त्वाची आहे. पुढील सर्व प्रश्नांचे मूळ येथे आहे.

१९४७ मध्ये ज्युलियस शुलमन यांनी संधिप्रकाशात या घराचे छायाचित्र टिपले. पुढे तरणतलाव, आत उजळलेले घर आणि मागे काळवंडत जाणारा पर्वत असे हे दृश्य आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासातील सर्वाधिक परिचित प्रतिमांपैकी एक ठरले.

भर पडत गेलेले घर

कॉफमन यांचे १९५५ मध्ये निधन झाले. त्यानंतर घर काही वर्षे रिकामे होते. पुढे ते अनेक मालकांच्या हाती गेले व प्रत्येकाने आपल्या गरजेनुसार त्यात बदल केले. एक उघडे अंगण बंदिस्त करून खोली केली गेली, दृकश्राव्य करमणुकीच्या दालनासाठी एक भिंत पाडली गेली, शयनगृहांच्या भिंतींवर फुलांच्या नक्षीचे कागद चढले आणि वातानुकूलन यंत्रांमुळे छपराची आडवी रेषा बिघडली. मूळ घर सुमारे ३,२०० चौरस फुटांचे होते. या वाढीमुळे ते पाच हजार चौरस फुटांच्या पुढे गेले.

हे बदल केवळ अभिरुचीच्या अभावातून झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ घर हिवाळ्यातील काही आठवड्यांसाठी होते. त्यात वर्षभर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला वाळवंटी उन्हाळ्यात वातानुकूलन हवे असणे स्वाभाविक होते. शिवाय १९६०च्या दशकातील वाढीशी विल्यम कोडी यांचे नाव निगडित आहे. कोडी हे पाम स्प्रिंग्जच्या आधुनिक वास्तुकलेतील मान्यवर नाव. पोलादाचे अत्यंत सडपातळ तपशील ही त्यांची ख्याती. अर्थात ही भर एखाद्या सामान्य कंत्राटदाराची नव्हती आणि ती पडली तेव्हा स्वतः नॉयट्रा हयात होते. त्यांचे निधन १९७० साली झाले.

तरीही या वाढीने घराचे मर्म दुखावले गेले. वाड्याला चौक जोडला तर वाड्यात एका चौकाची वाढ होते. नॉयट्रा यांच्या घरात दोन बाहूंमधील अंगण बंदिस्त केले तर एक खोली वाढते आणि आजूबाजूच्या खोल्यांचा उजेड, वारा व दृश्य हरपते. क्षेत्रफळाच्या हिशोबात जी बेरीज, ती रचनेच्या हिशोबात वजाबाकी ठरते. भर घालणाऱ्याचे कौशल्य कितीही मोठे असले तरी चुकीच्या जागी पडलेली भर त्या कौशल्याने सुधारत नाही, हा या टप्प्याचा धडा आहे.

जतनाचे सिद्धान्त व त्यांतील पेच

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली संमत झालेली व्हेनिस सनद हा आजही पायाभूत दस्तऐवज मानला जातो. या सनदेतील तीन तत्त्वे येथे प्रस्तुत आहेत. पहिले, वास्तूत निरनिराळ्या काळांत पडलेली योग्य भर आदरास पात्र असून केवळ शैलीची एकता साधणे हा पुनर्स्थापनाचा हेतू असू नये. वरचा थर काढण्याची मुभा अपवादात्मक आहे. जे काढायचे ते कमी महत्त्वाचे आणि जे प्रकट होणार ते मोठ्या मोलाचे असेल तरच ती मिळते. दुसरे, अपरिहार्य असे नवे काम मूळ रचनेपासून वेगळे ओळखू यावे व त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. तिसरे, नव्या वाढीमुळे वास्तूचे लक्षणीय भाग, तिचा तोल व परिसराशी असलेले नाते बिघडू नये.

अमेरिकेच्या केंद्र सरकारातील इंटीरियर विभागाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेली व पुढे सुधारलेली मानकेही याच दिशेने जातात. कालांतराने ज्या बदलांना स्वतःचे महत्त्व प्राप्त झाले ते राखावेत. नवी भर मूळ वास्तूहून वेगळी पण तिच्याशी सुसंगत असावी. आणि ती पुढे कधी काढली तरी मूळ वास्तूचे स्वरूप अबाधित राहावे, अशी ही मानके सांगतात.

येथे कॉफमन यांच्या घराचा पेच स्पष्ट होतो. कोडी यांचे काम ‘स्वतःचे महत्त्व प्राप्त झालेले’ मानले तर ते राखले पाहिजे. ते राखले तर नॉयट्रा यांच्या पोकळ्या कायमच्या बुजलेल्या राहतात. सिद्धान्त दोन्ही बाजूंना आधार देतात. निर्णय मात्र एकच घ्यावा लागतो.

मराठी अभ्यासकांना हा पेच परका वाटू नये. पाठचिकित्सेच्या क्षेत्रात मूळ संहिता आणि प्रक्षेप यांचा विवेक हा जुना विषय आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शिरलेले अपपाठ दूर करण्यासाठीच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या संपादकांनी प्रक्षिप्त ठरलेले श्लोक संहितेतून काढले, पण तळटीपांत व परिशिष्टांत छापून जपले. या परंपरेत भर घालण्याची आणखी एक रीत आहे, ती म्हणजे भाष्य. भाष्यकारही मूळ ग्रंथात भर घालतो, परंतु ती संहितेच्या बाहेर, स्वतःच्या नावाने आणि मूळ शब्दाला हात न लावता. प्रक्षेप मुळात मिसळतो. भाष्य मुळाशेजारी उभे राहते. हा भेद वास्तूच्या प्रश्नाकडे पाहण्यास उपयुक्त ठरतो.

पुनर्स्थापन : काय काढले, काय राखले

१९९०च्या दशकाच्या आरंभी हे घर ब्रेंट हॅरिस व वास्तुकलेच्या इतिहासाच्या अभ्यासक बेथ एडवर्ड्स हॅरिस या दांपत्याने विकत घेतले. तत्पूर्वी घर बराच काळ विक्रीस काढलेले होते. अशा घराचे भवितव्य काय असू शकते हे जवळच्याच रँचो मिराज येथील मॅझलॉन हाउसच्या उदाहरणावरून दिसते. नॉयट्रा यांनीच रचलेले १९६२ सालचे ते घर २००२ मध्ये नव्या मालकाने पाडून टाकले.

पुनर्स्थापनाचे काम लिओ मार्मोल व रॉन रॅडझिनर यांच्या संस्थेकडे सोपविण्यात आले. या कामाची पद्धती इतिहासलेखनाच्या पद्धतीशी जुळणारी होती. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील नॉयट्रा यांचे कागदपत्र तपासले गेले. कोलंबिया विद्यापीठातील कागदपत्रांचाही उपयोग झाला. शुलमन यांच्याकडील पूर्वी कधी न छापलेल्या छायाचित्रांवरून आतील भागाचे तपशील ठरविण्यात आले. मूळ रंगांचे व साहित्याचे पुरवठादार शोधले गेले. छपराच्या कडेची घडीदार धातूची पट्टी जशीच्या तशी बनविता यावी म्हणून पत्रा दुमडणारे यंत्र मिळविण्यात आले आणि मूळ दगडाशी जुळणारा दगड मिळावा म्हणून यूटामधील खाणीचा बंद पडलेला भाग पुन्हा उघडण्यात आला. नंतरची वाढ काढून टाकल्यावर घर पुन्हा सुमारे ३,२०० चौरस फुटांचे झाले.

नंतरचे सर्व काही पुसून टाकण्याची भूमिका मात्र येथे घेतलेली नव्हती. मूळ मालमत्तेत पुढे जोडलेल्या जमिनीवर बांधलेले टेनिसचे मैदान तसेच राखण्यात आले. म्हणजे काढून टाकण्याचा निकष ‘नंतरचे’ हा नव्हता, तर ‘मुळात मिसळलेले’ हा होता. टेनिसचे मैदान घराच्या पोकळीत घुसले नव्हते. बंदिस्त केलेले अंगण घुसले होते. व्हेनिस सनदेतील अपवादाचा आधार घेऊन या निर्णयाचे समर्थन करता येते. कोडी यांच्या कौशल्याचे दर्शन घडविणाऱ्या अन्य वास्तू पाम स्प्रिंग्ज परिसरात आहेत. नॉयट्रा यांच्या या रचनेला मात्र पर्याय नव्हता.

नवी भर

पुनर्स्थापनाबरोबरच दोन गोष्टींची भर पडली. पहिली भर जमिनीची. शेजारचे भूखंड विकत घेऊन घराभोवतीची जमीन दुपटीहून अधिक वाढविण्यात आली व तेथे वाळवंटी परिसर पुन्हा निर्माण करण्यात आला. नॉयट्रा यांनी घर रचले तेव्हा भोवताली मोकळे वाळवंट होते. चार दशकांत शहर घराच्या कुंपणाला भिडले होते. ज्या घराचे मर्म पोकळीत आहे, त्यात पोकळीची भर घालणे ही सर्वांत अनुरूप वाढ म्हणावी लागेल. जतनाच्या चर्चेत ‘वाढ’ म्हणजे बांधकाम असे गृहीत धरले जाते. हे उदाहरण त्या गृहीतकास छेद देते.

दुसरी भर म्हणजे मार्मोल व रॅडझिनर यांनी तरणतलावासाठी नव्याने उभारलेली छोटी वास्तू. ती मूळ घरापासून अलग, बुटकी व आडव्या रेषांची आहे. तेथून मूळ घराचे संपूर्ण दर्शन घडते. घराच्या कोणत्याही भिंतीला, छपराला वा अंगणाला तिचा स्पर्श होत नाही. उद्या ती काढली तरी मूळ घरावर ओरखडा उठणार नाही. वेगळेपणा, सुसंगती आणि काढता येण्याची शक्यता या तिन्ही अटी ती पूर्ण करते. वर मांडलेल्या परिभाषेत सांगायचे तर जुनी वाढ हा प्रक्षेप होता आणि ही नवी वाढ हे भाष्य आहे.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

अंतर राखून भर घालण्याची ही रीत कॉफमन कुटुंबाच्या इतिहासात नवी नव्हती. फॉलिंगवॉटरचे मुख्य घर पूर्ण झाल्यावर पाहुण्यांसाठी जागेची गरज भासली. तेव्हा राइट यांनी मुख्य घराला खोल्या न जोडता वरच्या उतारावर स्वतंत्र अतिथिगृह बांधले आणि वळणदार आच्छादित वाटेने दोहोंना जोडले. हे काम १९३९ मध्ये पूर्ण झाले. दगड व काँक्रीट यांची भाषा दोन्हीकडे एकच आहे, पण धबधब्यावर झेपावणाऱ्या मूळ रचनेचा तोल अबाधित आहे. मूळ वास्तुकारालाही आपल्या रचनेत थेट भर घालणे प्रशस्त वाटले नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण नॉयट्रा यांच्या स्वतःच्या घराचे. लॉस एंजेलिसमधील १९३२ सालचे व्हीडीएल हाउस १९६३ मध्ये आगीत भस्मसात झाले. पुढील काही वर्षांत नॉयट्रा व त्यांचे पुत्र डिऑन यांनी ते पुन्हा उभारले. तसे करताना त्यांनी जुन्याची प्रतिकृती केली नाही. छपरावर पाण्याचा उथळ तलाव व काचेचे दालन यांची भर घातली आणि मधल्या तीन दशकांतील अनुभव नव्या रचनेत उतरविला. भूखंड अत्यंत लहान असल्याने अंतर राखून बांधण्याचा पर्याय येथे नव्हताच. हे स्वातंत्र्य त्यांना लाभले, कारण संहिता त्यांची स्वतःची होती. ग्रंथकर्त्याने काढलेली दुसरी आवृत्ती ही प्रक्षेप ठरत नाही. दुसऱ्या वास्तुकारास हाच अधिकार सांगता येत नाही.

या दृष्टीची मर्यादा

कॉफमन यांच्या घराचे पुनर्स्थापन आदर्श मानले गेले, तरी त्यातून काही प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न साधनांचा. भूखंड विकत घेणे आणि खाण उघडविणे हे सामान्य मालकाच्या आवाक्यातील नाही. दुसरा प्रश्न दृष्टीचा. नॉयट्रा यांनी घर रचले ते आतून बाहेर, पर्वताकडे व वाळवंटाकडे पाहण्यासाठी. नव्या वास्तूतून मात्र घराकडेच पाहिले जाते. पाहण्याचे साधन पाहण्याचा विषय बनते. २००८ मध्ये हे घर क्रिस्टीज या लिलावसंस्थेने युद्धोत्तर व समकालीन कलाकृतींच्या विक्रीत मांडले. शुल्कासह सुमारे १ कोटी ६८ लक्ष डॉलरची बोली लागली. पुढे तो व्यवहार मोडला. घराचे कलाकृतीत रूपांतर झाल्याचा याहून ठळक पुरावा नाही.

तिसरा प्रश्न पुराव्याचा. संहितेतून काढलेला श्लोक परिशिष्टात राहतो. पाडलेली भिंत राहत नाही. वास्तूला तळटीप नसते. १९७० साली स्लिम ॲरन्स यांनी या घराच्या तरणतलावाकाठी टिपलेले प्रसिद्ध छायाचित्र हे मधल्या काळातील जीवनाचे एक साधन आहे. परंतु छायाचित्रे योगायोगाने उरतात. म्हणून काढून टाकावयाच्या प्रत्येक भागाची मोजमापे, नकाशे व छायाचित्रे पाडकामापूर्वी सिद्ध करून अभिलेखागारात ठेवणे हे अशा कामाचे अविभाज्य अंग मानले पाहिजे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) आधुनिकतावादी घरात भिंतींइतकीच मोकळी जागाही रचनेचा भाग असते. म्हणून भर कोठे घातली जाते हा प्रश्न ती कशी दिसते या प्रश्नाच्या आधी येतो.

२) भर घालणाऱ्याची योग्यता ही भर योग्य असल्याची हमी नव्हे.

३) नंतरचे ते सर्व त्याज्य, हा निकष टिकत नाही. मूळ रचनेत मिसळून तिचा अर्थ बदलणारे आणि तिच्या शेजारी स्वतंत्र उभे राहणारे, असा भेद करणे अधिक युक्त आहे.

४) अंतर राखणे हा सर्वत्र लागू पडणारा उपाय नाही, त्यास जमीन लागते. जेथे जमीन नाही तेथे कमी बांधणे, आणि जे बांधले ते काढता येईल असे बांधणे, एवढे तरी साधता येते.

५) जुनी भर काढणे हा इतिहासाचा निर्णय असतो. तो घेणाऱ्याने काढलेल्या भागाची नोंद मागे ठेवली तरच पुढील अभ्यासकाला त्या निर्णयाची फेरतपासणी करता येईल.

आधुनिकतावाद्यांनी भूतकाळाचे ओझे झुगारून घर बांधले. त्यांची घरे आज स्वतःच भूतकाळ झाली आहेत. त्यांत राहणाऱ्यांना भर घालावीच लागेल. ती प्रक्षेप ठरू नये यासाठी आधी मूळ संहिता नीट वाचता आली पाहिजे. कॉफमन यांच्या घराच्या बाबतीत नव्या वास्तूचा पहिला दगड बसण्यापूर्वी अभिलेखागारात झालेले वाचन हेच त्या कामाचे खरे बळ होते.